पावसाचे दोन तास आणि आईचा जुना प्रश्न

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

काल नवी मुंबईत पावसामुळे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास उशिरा, संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला, तेव्हा भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले होते. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे ५ बळी यांविषयी आज सगळीकडे लिहून येईल, म्हणून ते मी इथे लिहीत नाही. माझ्या मनात राहिले आहेत ते पावसाचे दोन तास. मैदानावर आच्छादन पसरलेले, पंच छत्री घेऊन फेऱ्या मारणारे, आणि दाखवण्यासारखे काही घडत नसताना पडद्यावरच्या माणसांना बोलत राहणे भाग. अशा वेळी निवेदिकेचे काम खरे उघडे पडते. कानातल्या यंत्रातून सूचना येत असतात, समोरचे माजी खेळाडू आपापल्या आठवणींत शिरलेले असतात, आणि जाहिरातीची वेळ झाली की कोणाचेही वाक्य न दुखावता तोडायचे असते. इतकी वर्षे मी हे काम नुसते पाहत आले. ते काम आहे, हे मात्र फार उशिरा लक्षात आले.

याची सुरुवात माझ्यापुरती २००३ सालची आहे. दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक सुरू होता, मी अकरावीत होते, आणि आमच्या साताऱ्याच्या घरी सामना म्हणजे बाबा, धाकटे काका आणि शेजारचे दोन-तीन गृहस्थ अशी बैठक असे. सेट मॅक्स वाहिनीवर 'एक्स्ट्रा इनिंग्ज' नावाचा कार्यक्रम सामन्याच्या आगेमागे लागायचा आणि त्यात निवेदक चारू शर्मांच्या सोबतीला अभिनेत्री मंदिरा बेदी असायची. 'शांती' या मालिकेमुळे ती आमच्या घरात आईच्या ओळखीची होती, बाबांच्या नव्हे. ती पडद्यावर आली की बैठकीत पहिली चर्चा व्हायची ती तिच्या साडीची आणि ब्लाउजच्या पातळ पट्ट्यांची, आणि दुसरी तिच्या अज्ञानाची. "हिला क्रिकेटमधलं काय कळतं?" हे काकांचे वाक्य इतक्यांदा ऐकले होते की ते मीही म्हणू लागले. मला क्रिकेट कळत होते, धावफलक तोंडपाठ असायचे, आणि पुरुषांच्या त्या बैठकीत माझी जागा पक्की करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग मंदिरा बेदीला हसणे हाच होता. हे कबूल करायला आज बरे वाटत नाही.

वाहिनीने तिला नेमले होते ते जाणकार म्हणून नव्हेच. सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात जे येईल ते तिने विचारावे, अशी तिची भूमिका होती आणि तसे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेही आहे. तिने प्रश्न विचारल्यावर शेजारी बसलेले नामवंत खेळाडू तिच्याकडे नुसते पाहत आणि भलतेच काहीतरी उत्तर देऊन पुढे जात, ही तिची आठवणही त्याच मुलाखतींतली. तरीही ती टिकली. २००७ च्या विश्वचषकात ती पुन्हा दिसली, त्यानंतर आयपीएलच्या दुसऱ्या हंगामातही.

आता मला नवल वाटते ते या गोष्टीचे की, चारू शर्मा किती कसोटी सामने खेळले आहेत हे आमच्या बैठकीत कोणी कधी विचारले नाही. ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेच नव्हते. समालोचक हर्षा भोगलेही खेळलेले नाहीत, आणि त्यांच्याविषयी तर आमच्याकडे, आपला मराठी माणूस म्हणून, केवढे कौतुक! त्यात गैर काहीच नाही. बोलणे हे खेळण्याहून वेगळे कौशल्य आहे, हे आम्ही त्यांच्या बाबतीत विनातक्रार मान्य केले होते. परीक्षा फक्त साडी नेसलेल्या उमेदवाराची घेतली जात होती आणि परीक्षकांत मीही होते.

याच बैठकीत एकदा आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले होते, "चेंडू पायाला लागला, सरळ यष्ट्यांवरच जात होता, तरी हा बाद का नाही?" बाबा म्हणाले, "टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला," म्हणजे फलंदाजाच्या पाठीकडच्या यष्टीपलीकडे. आई म्हणाली, "मग पडला तर काय झालं?" त्यावर बाबा म्हणाले, "नियमच आहे तो. आता ऐकू दे जरा." आई आत गेली. तिला गप्प करता येत होते. पडद्यावरच्या बाईला करता येत नव्हते, आणि तिच्यावरचा राग कदाचित त्याचाच असावा.

दूरचित्रवाणी घरोघरी येण्याआधीही बायका क्रिकेटविषयी बोलत होत्याच. कर्नल सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी १९७० च्या दशकात इंदूरला एमसीसी (इंग्लंडचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) आणि मुंबई यांच्यातल्या सामन्याचे धावते वर्णन केले, आणि देशातल्या पहिल्या महिला समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराची मुलगी आणि इंग्रजीची प्राध्यापिका! त्यांनाही कोणी "काय कळतं" असे विचारले असेल का, हा विचार काल रात्री मनात येऊन गेला. २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा मी ती बातमी वाचली आणि एवढे नाव आपण आधी ऐकले कसे नाही म्हणून ओशाळले.

२०१५ च्या आयपीएलमध्ये अंजुम चोप्रा, ईशा गुहा, लिसा स्थळेकर आणि मेल जोन्स या चौघी समालोचनाला आल्या, तेव्हा घरातला सूर बदललेला मला स्पष्ट आठवतो. या चौघीही आपापल्या देशांकडून खेळलेल्या, त्यामुळे काकांना हसायला जागा उरली नव्हती. लिसाविषयी तर बाबांना विशेष जिव्हाळा. तिचा जन्म पुण्याचा, तिथल्या अनाथाश्रमातून स्थळेकर दांपत्याने तिला दत्तक घेतले आणि पुढे ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. २०१३ साली मुंबईत विश्वचषक जिंकून ती निवृत्त झाली. एकदिवसीय सामन्यांत १००० धावा आणि १०० बळी असा दुहेरी टप्पा गाठणारी ती पहिली स्त्री. तिचे फिरकीविषयीचे बोलणे ऐकताना बाबा मान डोलावत असत. मला आनंद झाला, पण थोडे खुपलेही. म्हणजे बाईने आधी विश्वचषक जिंकावा, मग बोलावे, असाच याचा अर्थ नव्हता का?

म्हणून मला क्रीडा निवेदिका मयंती लँगरचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. ती फुटबॉलकडून इकडे आली; २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात ती ईएसपीएनवर होती. खेळाडू म्हणून कोणतेही प्रमाणपत्र तिच्या हातात नाही, आहे ते प्रश्न विचारण्याचे कसब. सामन्यानंतर हरलेल्या कर्णधारासमोर जेमतेम अर्धे मिनिट मिळते. तेवढ्यात असा प्रश्न विचारायचा, की ज्याला "मुलांनी शंभर टक्के दिले" हे ठरलेले उत्तर देता येणार नाही. आणि तो अपमानकारकही वाटता कामा नये. हे लिहायला सोपे आहे. मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सूत्रसंचालन करताना एका साध्या वक्त्याला आवरू शकले नव्हते.

मयंतीच्या वाट्याला जे आले ते मात्र तिच्या कामाशी संबंधित नव्हते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडात वेस्ट इंडिजविरुद्ध भारताच्या स्टुअर्ट बिन्नीच्या एका षटकात ३२ धावा गेल्या आणि लोकांनी समाजमाध्यमांवर त्याच्या पत्नीची, म्हणजे हिची, टवाळी केली. याच बिन्नीने २०१४ मध्ये बांगलादेशविरुद्ध अवघ्या ४ धावांत ६ बळी घेतले होते. त्या दिवशी मयंतीचे गोलंदाजीबद्दल कोणी अभिनंदन केले असल्यास माझ्या वाचनात आलेले नाही. त्याच २०१६ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत, वेस्ट इंडिजचा फलंदाज ख्रिस गेल याने मुलाखत घेणाऱ्या मेल मॅकलॉफ्लिनच्या खेळाविषयीच्या प्रश्नाला थेट प्रक्षेपणात सोबत पेय घेण्याच्या आमंत्रणाने उत्तर दिले आणि वर लाजू नकोस म्हणाला. त्याला १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. मला त्या चित्रफितीत तिचा चेहरा पाहवत नाही. ती हातातला प्रश्न सोडत नाही, मुलाखत उरकते. तो दंड पाहून आमच्या कचेरीतला एक जण म्हणाला होता, "एवढ्याशा गमतीला एवढे पैसे?" मी त्या वेळी काही बोलले नाही, तेही इथे लिहून ठेवते.

काल रात्री सामना संपल्यावर, सव्वाबाराच्या सुमारास आईचा फोन आला. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे आणि पूर्ण सामना एकटीने जागून पाहते. बाबा दहाव्या षटकाला झोपतात आणि जल्लोष झाला की उठतात. पावसाच्या वेळेतल्या चर्चेविषयी ती म्हणाली, "त्या मुलीने प्रश्न चांगला विचारला होता गं, पण समोरच्याने उत्तर टाळलं, आणि तिने पुन्हा धरायला हवं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "ते लेग स्टंपच्या बाहेरचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मी सांगितले. टप्पा तिथे पडूनही पायचीत, म्हणजे चेंडू पायाला लागल्याबद्दल बाद, देता आले असते तर गोलंदाजांनी दिवसभर पायांवरच मारा केला असता. फलंदाजाला मागच्या बाजूने येणारा तो चेंडू नीट दिसत नाही, त्यामुळे खेळण्याची सोयच राहिली नसती आणि सामना कंटाळवाणा झाला असता. म्हणून तेवढा भाग फलंदाजाला अभय. सगळे मिळून दोन मिनिटे लागली.

"एवढंच होतं होय," आई म्हणाली. "मग हे बावीस वर्षांपूर्वी सांगायला तुझ्या बाबांना काय झालं होतं?"

पाठीमागून बाबांचा झोपाळलेला आवाज आला, "अगं, मला तरी कुठे ठाऊक होतं!"