स्पेक शीट राहू दे, आधी बोर्डाचा वरून काढलेला फोटो दाखव

डोंबिवलीच्या घरात माझ्या वाट्याला आलेलं टेबल दोन बाय तीन फुटांचं आहे, त्यावर मॉनिटर, कीबोर्ड, आईच्या गोळ्यांचा डबा आणि चार्जरची जत्रा. जुना टॉवर पायाशी होता आणि रोज झाडू मारताना त्याला एक लाथ बसायचीच. त्यात मी वर्षातून तीन-चार वेळा चिपळूणला गावी जाऊन पंधरा-पंधरा दिवस तिथूनच काम करतो, तेव्हा लॅपटॉपवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर (मॉडेलवरून चित्र तयार करायचं काम) लावला की तो विमानासारखा ओरडतो. म्हणून ठरवलं की पाठीवरच्या सॅकमध्ये बसेल असा पण दणकट पीसी बांधायचा. बाकी पार्ट आठवड्यात ठरले, मदरबोर्डला मात्र मी दोनदा पैसे मोजले, ती गोष्ट सांगतो.

लहान पीसी म्हटलं की बोर्ड मिनी आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर. हे माप तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलं, तेव्हा डोक्यात होते ते कमी विजेवर गपचूप चालणारे छोटे कॉम्प्युटर. आता त्याच चौकोनावर आपण बारा-सोळा कोअरचे प्रोसेसर बसवतो आणि वर दोनशे वॉटचं ग्राफिक्स कार्ड लटकवतो. जागा तेवढीच राहिली, सामान वाढलं, चाळीतल्या खोलीसारखं. सगळं बसतं, फक्त कपाट उघडायचं असेल तर आधी खुर्ची बाहेर काढावी लागते.

पहिल्या वेळी मी स्पेक शीट बघून बोर्ड घेतला. एक्सेलमध्ये तक्ता केला होता, कुठल्या बोर्डाला किती फेज (प्रोसेसरला वीज पुरवणारे टप्पे), किती एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा), किती यूएसबी, आणि ज्याची बेरीज सगळ्यात भारी तो घ्यायचा. ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, चार दुकानं फिरलो. आयटीएक्स म्हटल्यावर दोन ठिकाणी "बॉस, ऑर्डरपे आयेगा" आणि एका ठिकाणी "मायक्रो एटीएक्स घ्या ना साहेब, अर्ध्या पैशात येतो". तो काही चुकीचं सांगत नव्हता. त्याच चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप), पण मापाने मोठा, साधा मायक्रो एटीएक्स बोर्ड खरंच जवळपास अर्ध्या किमतीत होता, आणि लहान बोर्डाला कमी सामान लागतं तरी जास्त पैसे का हे आईला मी अजून समजावू शकलेलो नाही. (बोर्डाच्या आतले थर, म्हणजे लेअर, जास्त लागतात, विकले कमी जातात. आई म्हणते, "म्हणजे लहान ब्लाउजची शिलाई जास्त तसंच ना?" हो, तसंच.)

बोर्ड आला, कूलर लावायला घेतला आणि बसेचना. माझा कूलर थर्मलराइटचा एएक्सपी१२०-एक्स६७, उंची ६७ मिलिमीटर, बुटका पण आडवा पसरलेला. आणि त्या बोर्डावर प्रोसेसरच्या डाव्या बाजूला, जिथे मागच्या पोर्टचं कव्हर असतं, तिथे हीटसिंकचा, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, चांगला उंच किल्ला उभा केलेला. कूलर फिरवला तर रॅमला भिडला, उलटा केला तर एम.२ वरच्या दोन मजली हीटसिंकला. कंपनीचं नाव घेत नाही कारण बोर्ड वाईट नव्हताच, माझ्या कूलरशी त्याची पत्रिका जुळत नव्हती एवढंच. दुकानदार म्हणाला सॉकेटचं कव्हर काढलंय, आता परत घेणार नाही. एएम५ मध्ये (एएमडीच्या या प्रोसेसरांचं सॉकेट) पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत, एक जरी वाकली तरी बोर्ड गेला, त्यामुळे ते लोक घाबरतात, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. कूलर बदलायचा पर्याय होताच, नॉक्टुआ कंपनीचा ३७ मिलिमीटरचा बसला असता, पण रेंडरवाल्या माणसाने मे महिन्यात डोंबिवलीत ३७ मिलिमीटरवर दिवस काढायचे म्हणजे कठीण.

दुसऱ्या वेळी तक्ता डिलीट केला आणि कंपन्यांच्या साइटवरून प्रत्येक बोर्डाचा बरोब्बर वरून काढलेला फोटो उतरवला, एका पानावर दोन असे प्रिंट काढले आणि स्केचपेन घेऊन बसलो. काय किती आहे हे सोडून काय कुठे आहे ते बघायचं.

आधी कॅबिनेट. माझं फ्रॅक्टलचं टेरा, १०.४ लिटर. त्यात मधला कणा सरकवता येतो, कूलरला ४८ ते ७७ मिलिमीटर आणि ग्राफिक्स कार्डाला ७२ ते ४३, म्हणजे दोघांची बेरीज १२०. एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी, भावकीतल्या बांधासारखं. माझं आरटीएक्स ४०७० कार्ड दोन स्लॉट जाडीचं आहे, त्याला ५० दिले की कूलरला ७० उरतात, म्हणजे ६७ चा कूलर आत जातो पण इकडेतिकडे हलायला वाव नाही. मग बोर्ड असा पाहिजे की ज्याच्या हीटसिंकवरून हा १२० मिलिमीटरचा पंखा मोकळा जाईल. उंची स्पेक शीटमध्ये लिहिलेली नसते, ती बाजूने काढलेल्या फोटोत दिसते. ज्यांचा कूलर नॉक्टुआचा आहे त्यांना सोपं आहे, ती कंपनी कुठल्या बोर्डावर कुठला कूलर बसतो याची यादी साइटवर ठेवते.

आता फेजबद्दल, कारण पीसी बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर यावर मारामाऱ्या होतात. प्रोसेसरला वीज गाळून देणारा जो भाग, व्हीआरएम, तो जितका तगडा तितका बोर्ड भारी असं मीही धरून चाललो होतो. पण माझा प्रोसेसर रायझन ९ ७९००, बारा कोअर, ६५ वॉटवाला, मूळ सेटिंगवर कितीही रेटला तरी सॉकेटला जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. त्याचा मोठा भाऊ ७९५०एक्स मूळ सेटिंगवर २३० पर्यंत जातो, तो घेणाऱ्याने व्हीआरएम जरूर बघावा, आणि दहा लिटरच्या डब्यात तो का घेतोय हेही स्वतःला विचारावं, कारण शेवटी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन कमी विजेचा इको मोडच लावणार. उलट एक गोष्ट कोणी सांगत नाही, खाली हवा मारणारा बुटका कूलर प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या व्हीआरएमलाही वारा घालतो, पाण्याचा कूलर लावला की तो वारा बंद. म्हणजे माझ्यासारख्या बिल्डमध्ये मध्यम व्हीआरएम आणि छोटा हीटसिंक पुरतो, आणि छोटा हीटसिंक म्हणजेच कूलरला जागा. पहिल्या बोर्डात मी ज्या गोष्टीचे जास्त पैसे दिले तीच गोष्ट आडवी आली होती!

चिपसेटवर मी फार वेळ घालवला नाही. बी६५० आणि बी६५०ई मधला मुख्य फरक ग्राफिक्सच्या स्लॉटचा, ई असेल तर तिथे पीसीआयई ५.० (कार्ड जोडायच्या वाटेची पिढी, आकडा मोठा तितकी वेगवान) नक्की मिळतं, नसेल तर सहसा ४.०. माझं कार्ड ४.० चं, टेराबरोबर येणारी रायझर केबलही (बोर्डाचा स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी तार) ४.० ची, मग ५.० चा स्लॉट घेऊन त्याची पूजा करायची का? एक्स८७० मध्ये यूएसबी४ सक्तीचं आहे, ज्याला बाहेरची फास्ट ड्राइव्ह किंवा डॉक लावायचंय त्याने घ्यावं. आणि एक्स६७०ई म्हणजे दोन चिप लावून जास्त स्लॉट-पोर्ट द्यायची सोय, आणि आयटीएक्सवर कार्डाचा स्लॉट तर एकच! आसूसचा एक बोर्ड आहे तसा, जागा पुरेना म्हणून त्यांनी ऑडिओ बाहेर काढून टेबलावरच्या वेगळ्या डबीत दिलाय. डबी सुंदर आहे, पण माझ्या टेबलावर गोळ्यांचा डबा आधीच आहे.

रायझरवरून आठवलं. माझ्या एका मित्राने आरटीएक्स ५० सिरीजचं ग्राफिक्स कार्ड घेतलं, बोर्ड ५.० चा, मधे रायझर ४.० ची. दोन्ही टोकं म्हणतायत आपण ५.० वर बोलू आणि मधली तार ते झेपवू शकत नाही, स्क्रीन काळी. रात्री साडेअकराला फोन, "कार्ड मेलं रे". कार्डाला काही झालेलं नव्हतं, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावला, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर बायोस उघडलं आणि स्लॉट जेन ४ वर, म्हणजे ४.० वर, बांधून टाकला, झालं. त्यामुळे बोर्डावर साधा एचडीएमआय पोर्ट आहे का हेही फोटोत बघा.

याच मित्राच्या भावाने ८७००जी प्रोसेसर घेतला होता, पुढे ग्राफिक्स कार्ड लावू म्हणून. त्या प्रोसेसरमधून कार्डाला आठच लेन (डेटा जायच्या वाटा) मिळतात आणि ८५००जी मधून तर चारच, बोर्डाचा स्लॉट दिसायला पूर्ण लांबीचा असला तरी. बोर्ड कितीही भारी घ्या, लेन प्रोसेसरच्याच.

एम.२ स्लॉट. आयटीएक्सवर सहसा दोन, एक पुढे आणि एक बोर्डाच्या पाठीला. गिगाबाइटच्या बी६५०आय ऑरस अल्ट्रावर तीन आहेत, ज्यांना गरज आहे त्यांनी तो जरूर बघावा. पाठीमागच्या स्लॉटला वारा लागत नाही आणि ती ड्राइव्ह बदलायची तर कूलरसकट अख्खा बोर्ड बाहेर. म्हणून विंडोज आणि चालू प्रोजेक्ट पुढे, जुने फुटेज मागे, आणि मागची घेतानाच मोठी घ्या.

रॅमचे दोनच स्लॉट आहेत म्हणून हळहळू नका. डीडीआर५ रॅमच्या चार पट्ट्या या प्लॅटफॉर्मला तशाही पचत नाहीत, ७००० सिरीजसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार लावल्या की ३६००. मी ४८ च्या दोन लावल्या, ९६ जीबी, ६००० वर आरामात चालतात. फक्त चमचमत्या लाइटवाल्या उंच पट्ट्या घेऊ नका, कूलर खाली टेकत नाही. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड मेमरी ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घ्यायचं काम) करत बसतो तेव्हा स्क्रीनवर काहीच येत नाही, कितीतरी मिनिटं. मी त्या वेळात दोन वेळा देव पाण्यात ठेवले, तिसऱ्यांदा स्विच बंद करणार तेवढ्यात लोगो आला.

फोटोत अजून काय बघितलं तर कनेक्टर. पुढच्या यूएसबी-सी ची केबल लागेल तो टाइप-ई हेडर आहे का, आणि यूएसबी ३ चा तो १९ पिनांचा जाडजूड कनेक्टर कुठे आहे, कारण ती केबल वाकत नाही, आपल्यालाच वाकावं लागतं. प्रोसेसरची आठ पिनांची वीज वरच्या कोपऱ्यात येते, कूलर बसवल्यावर तिथे बोट जात नाही, आधी केबल मग कूलर. बायोसची बटण सेलसुद्धा जागेअभावी बऱ्याच आयटीएक्स बोर्डांवर तारेला बांधून कुठेतरी चिकटवलेली असते, माझी तार केबल आवरताना निघाली आणि दोन दिवस घड्याळ मागे का जातंय हे मला कळत नव्हतं. आणि मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तम. बी६५० बोर्ड २०२२ चे, ९००० सिरीजचे प्रोसेसर २०२४ चे, दुकानात जुना स्टॉक पडून असतो आणि त्यातलं जुनं बायोस नवा प्रोसेसर ओळखत नाही, मग या बटणाने पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करता येतं, नाहीतर कुणाचा तरी जुना प्रोसेसर उसना आणा.

शेवटी घेतला तो साधा बी६५० आयटीएक्स, माझ्या आधीच्या तक्त्यात खालून दुसरा होता. कूलर आणि हीटसिंकमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे. मेमध्ये रेंडर लावून बसतो तेव्हा पंखा ऐकू येतो पण आई हॉलमधून टीव्हीचा आवाज वाढवत नाही, आमच्या घरात तेच मोजमाप. मागच्या महिन्यात सॅकमध्ये घालून कोकण रेल्वेने चिपळूणला नेला, मांडीवर.

आणि तो पहिला बोर्ड? आयटीएक्सची चार भोकं मोठ्या कॅबिनेटलाही जुळतात, म्हणून धाकट्या भावाला दिला, त्याच्या भल्यामोठ्या टॉवरमध्ये तो बोर्ड मैदानात पोळपाट ठेवल्यासारखा दिसतो. वर उंच कूलर लावलाय, व्हीआरएम एकदम थंड, पठ्ठ्या खूश. परवा त्याचा फोन आला, "दादा, कॅप्चर कार्ड घेतलंय, कुठल्या स्लॉटला लावू?"