मोबाइल नंबरचा रकाना

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आमच्या ओपीडीत फारसं कोणी नसतं. येतात ते बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या एकदम न्यायला, नाहीतर गणपतीची खोली रंगवताना स्टुलावरून पडलेले. त्या बुधवारी केसपेपरची खिडकी बंद व्हायच्या बेताला ती आली. वय ३८, काजू फॅक्टरीत कामाला, नवरा जाऊन पाच वर्षं. मुलगी १९ची, मुलगा बारावीला, घरात सासू. तक्रार एकच: ‘सिस्टर, पोटात गॅस धरलाय.’

पोट तपासलं तर ओटीच्या हाडामागे गोळा जेमतेम हाताला लागत होता. बारा आठवड्यांच्या आसपास गर्भाशय त्या हाडावर येतं, गॅस तिथे धरत नाही. किटवर लघवीचे तीन थेंब टाकले. वाचायची ती पाच मिनिटांनी, पण दुसरी रेघ मी हात पुसेपर्यंत उमटली होती. तिने ती पाहिली आणि म्हणाली, ‘पण मी गोळी घेत होते.’

गोळी म्हणजे छाया, सरकारी गर्भनिरोधक गोळी. आमच्या उपकेंद्रात ती फुकट मिळते, पण विधवा बाई ती मागायला येणार कशी? अंगणवाडीसमोरून जायचं, रजिस्टरात नाव द्यायचं. मग तिने म्हापशाच्या मेडिकलमधून तीच गोळी ‘सहेली’ नावाने विकत आणली. शेजारणीकडून ऐकलं होतं, आठवड्याला एकच, दुसरी भानगड नाही. अर्धं खरं. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यायची असते. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, असं तीन महिने, आणि नंतर फक्त रविवारी. हिने पहिल्या दिवसापासून रविवारचीच धरली. त्यात या गोळीने काहींची पाळी लांबते. महिना उलटला तरी तिला वाटलं, गोळीचाच गुण. पाळी १५ दिवसांहून जास्त पुढे गेली तर तपासून घ्या, हे आम्ही गोळी देताना सांगतो. मेडिकलवाला पैसे सुटे मागतो.

तो पुरुष कोण, हे मी विचारलं नाही. आमच्या कुठल्याच फॉर्मवर तो रकाना नाही, आणि नाही हे बरंच आहे.

तिला दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या: गर्भपात होईल का, आणि कोणाला कळेल का. पहिलीचं उत्तर सोपं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ हे शब्द जाऊन ‘कुठलीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. त्यामुळे गर्भनिरोधक फसलं हे कारण विधवेलाही चालतं. सही तिची एकटीची, संमतीच्या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म सीवर. बाई अठरा पूर्ण आणि मनाने धड असेल तर भाऊ, दीर, सासू कोणाचीच सही लागत नाही. हे मी तालुक्यातल्या किती डॉक्टरांना सांगितलं असेल! तरी ‘घरच्या कोणाला तरी घेऊन या’ काही सुटत नाही. कायद्याची भीती नव्हे ती, उद्या दीर दारात आला तर काय, याची आहे.

राखून ठेवायचं असेल तर तोही रस्ता तिला सांगितला. बाळाच्या जन्मनोंदीला बापाचं नाव लागतंच असं नाही, २०१५ सालीच सुप्रीम कोर्टाने ते सांगितलंय. दीर घर सोडायला लावेल, अशी धास्ती तिला होती. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने नवराबायकोच्या मिळकतीत अर्धा हिस्सा तिचाच आणि नवऱ्याचा अर्धा मुलांचा. दिराने नुसतं ‘जा’ म्हटलं म्हणून ते जात नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पोरीचं लग्न व्हायचंय, सिस्टर.’ ठरवलेलं होतं.

राहिलं कोणाला कळेल ते. इथे मी जरा फुशारकीनेच बोलले, कारण हे रजिस्टर मी स्वतः हाताळलेलं आहे. गर्भपाताच्या बाईचं नाव फक्त प्रवेश नोंदवहीत लिहितात. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, पुन्हा तपासायला यायचं कार्ड, सगळीकडे नावाऐवजी अनुक्रमांक आणि वर्ष, म्हणजे ७/२०२४ असा. संमतीचा फॉर्म पाकिटात घालून, पाकीट बंद करून, वर ‘गुप्त’ लिहून प्रमुखाच्या ताब्यात. नोंदवही शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षं जपायची. नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद. एवढं सांगून मी तिला म्हटलं, ‘बाय, तुझं नाव कुठेच जाणार नाही.’

आणि त्याच हाताने सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर मोबाइल नंबर लिहिला. विचारलं, ‘नंबर?’ तिने सांगितला. कोणाचा, हे विचारलं नाही. तिच्या बटणांच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं, तिने मुलाचा दिला.

सोनोग्राफीची घाई मलाच होती. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी भागतं, त्यानंतर बारापर्यंत हातपंपाने, म्हणजे एमव्हीएने. बारा उलटले की सगळंच जड होतं: जागा मोठी लागते, मुक्काम वाढतो. पाळीची तारीख तिला नक्की आठवत नव्हती, आणि त्या गोळीवर असलेल्या बाईच्या तारखेवर विसंबूनही चालत नाही. त्या दिवशी आमच्याकडे सोनोग्राफीचा डॉक्टर नव्हता, म्हणून गुरुवारी एका खाजगी केंद्रात पाठवली. तिथल्या क्लार्कने आधी ‘मिस्टरांचं नाव’ मागितलं. सोनोग्राफीच्या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म एफवर, नवरा किंवा बाप, दोन्ही चालतं. बापाचं नाव घाला, म्हणून मी फोनवर सांगितलं. त्याला ते नवीन होतं, रोज तोच फॉर्म भरत असून. डोक्यापासून ढुंगणापर्यंत गर्भ ४५ मिलीमीटर, म्हणजे ११ आठवडे २ दिवस. शनिवार-रविवार चतुर्थीचे. सोमवारी ११ आठवडे ६ दिवस होणार होते. जिल्हा इस्पितळात सोमवार सकाळ ठरली.

रिपोर्ट तिच्या हातात कागदावर मिळाला होता. तोच शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवरही गेला, केंद्राचं यंत्र आपोआप पाठवतं. मुलगा तेव्हा मूळ घरात काकाबरोबर गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होता. एका हातात सुपारीचं शिपटं, दुसऱ्या हातात फोन. वर आईचं पूर्ण नाव, खाली ‘एक जिवंत गर्भ’. त्याने ते वाचलं, माटोळीची दोरी अर्धवट सोडली आणि काकाने काय झालं विचारल्यावर फोन तसाच पुढे केला. हे मला नंतर मुलीने सांगितलं.

दोन दिवस गणपतीसमोर कोणी काही बोललं नाही. आरत्या झाल्या, पातोळ्या झाल्या. तिला पंगतीत वाढू दिलं, पण मुलगा तिच्या हातचं जेवला नाही. सासू रविवारी रात्री एवढंच म्हणाली म्हणे, की हिने मला सांगितलं असतं तर मी पोरापासून फोन काढून घेतला असता. ही म्हातारी कोणाच्या बाजूची, हे मला अजून कळलेलं नाही.

रविवारी रात्री साडेनऊला मुलीचा फोन आला. मी शिव्यांच्या तयारीत होते. तिने विचारलं, ‘सिस्टर, आईने सकाळी उपाशी यायचं का? आणि पॅड इथून आणू की तिथे देतात?’ मी सांगितलं ते ती लिहून घेत होती, पेनाचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, ‘मला का नाही सांगितलं तिने?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवारी हिमोग्लोबिन ९.२ भरलं, रक्तगट पॉझिटिव्ह, म्हणजे अँटी-डी इंजेक्शन नको. पिशवीचं तोंड मऊ व्हायला तीन तास आधी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या दोन गोळ्या. मग गर्भाशयाच्या मुखाशी बधिर करायचं इंजेक्शन, आणि ६० मिलीलिटरची सिरिंज. प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांचं. निघालेलं सगळं पाण्यात धरून, उजेडात तपासून, पूर्ण आल्याची खात्री केली. हे टाळलं की आठवड्याने ताप आणि रक्तस्राव घेऊन बाई परत येते. त्याच वेळी तांबी बसवली, दहा वर्षांची. घरी जाताना बजावलं: दोन जाड पॅड तासात भिजले आणि सलग दोन तास तसंच राहिलं, तर वाट न बघता यायचं.

पंधराव्या दिवशी ती एकटी आली. तांबीचा दोरा जागेवर, रक्तस्राव थांबलेला, लोहाच्या गोळ्या चालू. मुलगा काकाकडेच राहतो, तिथून उच्च माध्यमिकला जातो. काकाचं बोलणं बंद. फॅक्टरीत अजून कोणाला माहीत नाही, असं तिला वाटतं.

तपासणीची नोंद करताना संगणकावर मोबाइलचा रकाना आला. तो रिकामा ठेवून पुढे जाताच येत नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, ‘तुमचाच घाला, सिस्टर.’ तोच घातला.