पतंग दुसराच निघाला

सोसायट्यांच्या बागा सांभाळायचं कंत्राट घेतो मी. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे झाडांना पाणी घालणं. खरं तर निम्मा वेळ मोबाईलवर आलेल्या पिवळ्या पानांच्या फोटोंना उत्तरं देण्यात जातो.

मागच्या जुलैत पुण्यातल्या एका सोसायटीतून असाच फोटो आला. जॉगिंग ट्रॅकच्या कडेने 200 फूट स्पायडर लिली, आणि पानं उकडल्यासारखी पांढरट, लोळागोळा झालेली. ही लिली बिल्डर मंडळींची लाडकी. शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणी चुकलं तरी मरत नाही, आणि पानात विष असल्यामुळे कीडही लागत नाही म्हणे. हे शेवटचं साफ खोटं. तेच विष पचवून गुबगुबीत होणाऱ्या अळ्या आहेत.

गेलो. पानांवर काळ्या-पांढऱ्या अळ्या. शेजारच्या पानावर एक पतंग बसलेला, लाल-पिवळ्या-काळ्या चौकड्यांचा, पैठणीच्या पदराचा तुकडा कापून चिकटवावा तसा. लगेच ओळखला : लिली मॉथ, पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातलं ‘ग्लोरिओसी’ कळलावीवरून आलंय. मान वर केली, तर कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या बंगल्यातली कळलावी ऐन फुलात. पाच मिनिटांत केस सुटली! कमिटीलाही बरं वाटलं. कीड बाहेरची निघाली की कमिट्यांना नेहमीच बरं वाटतं.

बंगल्यात एक आजी राहतात. ‘अरे, गौरीला लागतात ती फुलं,’ एवढंच म्हणाल्या. मी त्यांना पतंगाचा फोटो दाखवला, शास्त्रीय नाव सांगितलं. शास्त्रीय नावापुढे कोण काय बोलणार? माझ्या पोरानं वेल जमिनीलगत छाटला. दुपारी पाठीवरचा पंप लावून औषध मारलं, चारला पाऊस आला.

तिसऱ्या दिवशी आमच्या खुरपणीच्या मावशींनी हाक मारली. ‘दादा, हे पान उन्हाकडं धरून बघा.’

धरलं. पानाच्या दोन कातड्यांच्या मधे सावल्या हलत होत्या. बारीक अळ्या, एकीमागे एक, आतला गर खात खाली सरकणाऱ्या. माझं औषध वरच्या मेणचट कातडीवरून ओघळून गेलेलं आणि या आत, छपराखाली. काही बुडापर्यंत पोचल्याही होत्या. लिलीचा एक कांदा उपटून दाबला तर अंगठा आत गेला, सडक्या कांद्याच्या पोत्यासारखा वास.

मग सगळं मुळापासून. पोखरलेली पानं मानेपाशी कापली आणि पिशव्यांत बांधून उन्हात टाकली. कंपोस्टात टाकायची नाहीत, तिथल्या मातीत या आरामात कोष करतात. वाफ्याची माती दोन-तीन इंच उकरून तपकिरी कोष वेचले. बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची) संध्याकाळी फवारली, कारण ती उन्हात टिकत नाही. शिवाय अळीच्या पोटात गेली तरच काम करते, म्हणजे नुकत्या अंड्यातून निघालेल्या, अजून पानात न शिरलेल्यांसाठी. बाकी सगळं मावशींनी केलं. रोज सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन, पान न् पान उलटून, आठ दिवस. बिलातली ‘फवारणी’ सेक्रेटरींनी निमूट पास केली. ‘अळ्या वेचणे’ वाचून म्हणाले, ‘हे काय असतं?’ मावशींचे आठ दिवस माझ्या खिशातून गेले. जी फवारणी फुकट गेली तिचे पैसे मात्र मिळाले.

तीन मोठ्या अळ्या मी बरणीत माती घालून घरी ठेवल्या होत्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून. कशासाठी, ते आता सांगता येणार नाही. आतून कुठेतरी खात असणार. तीन आठवड्यांनी पहिला पतंग निघाला. कोळशासारखे पुढचे पंख, पांढुरके मागचे. पैठणी वगैरे काही नाही. ब्रायथिस क्रायनी. हा लिली, नागदवणा यांच्या कुळावर जगतो. कळलावीशी याचा संबंध नाही.

जुने फोटो मोठे करून पाहिले. लिली मॉथच्या अळीवर लाल ठिपके असतात. एकाही फोटोत लाल नव्हतं. तो रंगीत पतंगही लिली खातो, अगदीच साधू नाही. पण ही पोरं त्याची नव्हती. मी पतंग पाहिला आणि अळी पाहिलीच नाही. पंधरा वर्षं हेच काम करतोय.

कमिटीला सांगितलं नाही. मावशींना सांगितलं, त्या म्हणाल्या, ‘असू द्या.’ गौरी बसल्या त्या दिवशी बंगल्यासमोरून जायचं टाळलं.

कळलावीचा कंद जमिनीत शाबूत होता. यंदा आषाढात वेल पुन्हा भिंतीवर चढला. परवा आजींनी गेटातून हाक मारली. ‘अरे, आली बघ परत. यंदा कापायची असेल तर आधीच सांग, मी फुलांचं दुसरीकडे बघते.’

‘नाही आजी, यंदा गरज नाही,’ मी म्हणालो.

‘का रे, गेली का ती कीड?’

मी हो म्हणालो.