तुम्ही विचारलंत म्हणून : जास्वंद डबल कशी होते?

"काय ओ सर, ह्या जास्वंदीला काय घातलं म्हंजे डबल होईल?" गणपती जवळ आले की बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत हे कुणीतरी विचारतंच. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून कुंड्यांचा डॉक्टरही मीच! काही घालू नका, डबलच्या झाडाची फांदी मागून आणून लावा. शेणखतानं फूल टपोरं होईल; एकेरीचं डबल नाही.

डबल जास्वंदीला नुसत्या जादा पाकळ्या फुटत नाहीत. जे पुंकेसर (पराग धरणारे तंतू) व्हायचे, तेच पाकळ्या झालेले असतात. एक फूल सोलून बघा. आतल्या एखाद्या पाकळीच्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला सापडतो. धड पाकळी नाही, धड पुंकेसर नाही.

फुलात बाहेरून आत चार वर्तुळं असतात : निदलं (कळीला झाकणारी हिरवी दलं), पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर (बी धरणारा मधला भाग). कुठे काय उगवायचं ते जनुकांचे 'ए', 'बी' आणि 'सी' असे तीन गट ठरवतात. एनरिको कोएन आणि इलियट मेयरोविट्झ या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे मांडलं, तेही स्नॅपड्रॅगन हे बागेतलं फूलझाड आणि अराबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं तण यांची बिघडलेली फुलं तपासून. नुसता 'ए' असला की निदल, 'ए' आणि 'बी' मिळून पाकळी, 'बी' आणि 'सी' मिळून पुंकेसर, एकटा 'सी' म्हणजे स्त्रीकेसर. 'ए' आणि 'सी' एकमेकांना आपल्या हद्दीत पाय ठेवू देत नाहीत. (सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.) अराबिडॉप्सिसमध्ये 'सी' बंद पडला की 'ए' आत घुसतो आणि पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. शिवाय 'आता थांब' हा हुकूमही 'सी'चाच. तो नसला की मधोमध स्त्रीकेसराऐवजी नवं फूलच सुरू होतं, फुलात फूल. रानगुलाबाला पाच पाकळ्या. बागेतल्या भरगच्च गुलाबात 'सी'ची हद्द आत सरकलेली आढळली आहे.

पुढे सेपॅलाटा नावाचा आणखी एक गट सापडला. त्यातली चारही जनुकं बंद केली तर फुलाच्या जागी चक्क पानांसारखे अवयव येतात. फुलाचे भाग म्हणजे बदललेली पानंच, असं कवी ग्योथे १७९० मध्येच लिहून गेला होता. त्याला जनुक कुठलं ठाऊक असायला!

यातलं काही झेंडूला मात्र लावू नका. त्याची जी 'पाकळी' आपण उपटतो ते स्वतःच एक अख्खं फूल असतं. तो हिशेब दसऱ्याला विचारा.