वाया गेलेले अंक

एक जपानी ॲनिमेशन मालिका आहे, १४ भागांची. २००६ साली ती दाखवली तेव्हा भागांचा क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवला होता. त्यावरून २०११ मध्ये कुणीतरी इंटरनेटवर गंमत म्हणून विचारलं: शक्य तेवढ्या सगळ्या क्रमांनी ही मालिका पाहायची, तर कमीत कमी किती भाग पाहावे लागतील? एका क्रमाचं शेपूट दुसऱ्याचं तोंड झालं तरी चालेल. तिथल्याच कुणीतरी, नाव न सांगता, उत्तर दिलं की ९,३८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११ च्या खाली जाताच येणार नाही. सोबत सिद्धताही.

ती २०१८ मध्ये गणितज्ञांच्या नजरेत आली. रॉबिन ह्यूस्टन, जे पँटोन आणि व्हिन्स व्हॅटर यांनी ती नीट लिहून काढली आणि पहिला लेखक म्हणून त्या निनावी माणसालाच ठेवलं. हे वाचलं आणि ठरवलं, ही सिद्धता आपण ओळ न ओळ तपासायची. एरवी मोठ्या नावाखालची सिद्धता मी 'असेल बरोबर' म्हणून पुढे ढकलतो. इथे तशी सोयच नव्हती.

१४ भागांचं सोडून ३ अंक घेतले. १२३१२१३२१. यात १२३, २३१, ३१२, २१३, १३२, ३२१ या सहाही मांडण्या सापडतात. मधला '१२१' मात्र वाया, त्यातून मांडणी बनत नाही. नऊ अंकांत काम झालं, आठात होत नाही. इथवर पंधरा मिनिटं.

मग ४ अंक. १२३४ ला १ जोडला की २३४१ मिळते, मग ३४१२, मग ४१२३. त्यापुढे ४ जोडला तर पुन्हा १२३४. म्हणजे चार मांडण्यांचं एक छोटं चक्र. २४ मांडण्यांची अशी ६ चक्रं. एकातून दुसऱ्यात जायचं तर किमान एक अंक वाया घालवावाच लागतो, सिद्धतेची सगळी मदार त्यावर आहे. हिशेब सोपा: मांडण्यांचे २४, पहिली मांडणी उभी करायला जास्तीचे ३, आणि चक्रं पुरी करून बाहेर पडताना वाया जाणारे ५. झाले ३२. पण मला हाताने कितीही खटपट करून ३३ च्या खाली येता येत नव्हतं. तो एक अंक कुठून आला?

याचं उत्तर हीच त्या माणसाची खरी करामत. ४१२३ नंतर १ आणि ४ जोडले की '१२३१' वाया जाऊन २३१४ मिळते. चक्राच्या सुरुवातीच्या १२३४ शी ताडून पाहिलं, तर शेवटचा ४ जागच्या जागी, त्याच्या आधीचे तीन फिरतात. असं करत तीन छोटी चक्रं ओवली जातात, ते एक मोठं चक्र. सहा छोटी चक्रं उरकायला किमान दोन मोठ्या चक्रांत शिरावं लागतं. पहिलं फुकट, दुसऱ्याचा एक अंक. ३२ आणि १, तेहेतीस.

आणि इथेच मी अडकलो, चांगला आठवडाभर. छोटं चक्र पुरं केल्याचा आणि नव्या मोठ्या चक्रात शिरल्याचा, असे दोन्ही खर्च एकाच वाया गेलेल्या अंकात भागले तर? मग बेरीजच कोसळते. छोटं चक्र एका दमात पुरं केलं तर प्रश्न नाही, आपण त्याच मोठ्या चक्रात राहतो. अर्धवट सोडलं तर मोठं चक्र बदलतं, पण छोटं पुरं झालेलं नसतं. पण समजा, मी १२३४ आणि २३४१ करून निघून गेलो आणि नंतर कधीतरी परत येऊन ३४१२, ४१२३ उरकल्या. आता चक्र पुरं, आणि पुढची उडी जिथे पडते ते मोठं चक्र आत्ताच्यापेक्षा वेगळं! मला वाटलं, सापडली चूक. खरं सांगतो, थोडा आनंदच झाला.

दोन दिवसांनी वहीच्या त्याच पानाकडे पाहताना उलगडलं. ४१२३ मी आत्ता पहिल्यांदा गाठली, पण तिच्या पुढची १२३४ आधीच होऊन गेलेली. म्हणजे १२३४ कडे मी ४१२३ वरून आलोच नव्हतो. बाहेरून उडी मारून आलो होतो किंवा सुरुवातच तिथून केली होती. दोन्ही प्रकारांत तिचं मोठं चक्र तेव्हाच मोजलं गेलं. आणि आताची उडी पडते ती नेमकी त्याच मोठ्या चक्रात. नवं काहीच नाही, दुहेरी वसुली नाही. पेन खाली ठेवलं.

आता ५ अंकांवर आलोय. याच हिशेबाने मांडण्यांचे १२०, पहिलीसाठी जास्तीचे ४, छोट्या चक्रांचे २३ आणि मोठ्या चक्रांचे ५, असे १५२ येतात, पण खरं उत्तर १५३ आहे; संगणकाने सगळ्या शक्यता धुंडाळून २०१४ मध्ये ते पक्कं झालं. म्हणजे निनावी माणसाचं चूक नाही, त्याने 'याहून कमी नाही' एवढंच म्हटलं होतं. पण तो जास्तीचा एक अंक नेमका कुठे वाया जातो, हे मला हाताने दाखवता येईना. वहीची अकरा पानं झालीत.