ब्रेक पाइप, भाग तिसरा: गळका टी

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गाडीचे पुढचे नवे ब्रेक पाइप बसले, आता मागचं काम म्हणजे एका रविवारचा खेळ. ते शब्द गिळतोय. मागच्या ऍक्सलवरच्या पितळी टीने, म्हणजे पाइप जिथे डाव्या-उजव्या चाकांकडे फुटतो त्या टी आकाराच्या सांध्याने, तीन रविवार खाल्ले.

आधी गोड बातमी. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून मागे जाणारा लांब पाइप एकाच तुकड्यात बसला. जुना काढतानाच वेडावाकडा झाला होता, म्हणून गाडीखाली शिरून वेल्डिंगच्या सळईला हवा तसा आकार दिला आणि तिच्या बरहुकूम पाइप वळवला. कुप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) अंगठ्याने वळतं. स्टीलशी कुस्ती खेळायची हौस असेल त्यांनी खुशाल खेळावी.

आता टी. पाइपांत अडकलेली एअर काढली, पेडल दगडासारखं, मी खूश. सकाळी बघतो तर डाव्या नटाखाली (पाइपवर ओवलेला, बाहेरून आटे असलेला, पाइप टीत आवळणारा तो नट) थेंब आणि ऍक्सलवरचा नवाकोरा रंग फुगून सुरकुतलेला. डॉट 4 ब्रेक ऑइल रंगाचं काय करतं हे माहीत असूनही खाली फडकं ठेवलं नव्हतं.

संशय अर्थातच फ्लेअरवर, म्हणजे पाइपच्या फुलवलेल्या तोंडावर. विंग नटवालं माझं टूल पाइप नीट धरतच नाही. दुसऱ्या दाबाला पाइप सरकतो आणि डबल फ्लेअर (काठ आत दुमडून केलेला दुहेरी) एका अंगाला कलतो. असली टूलं विकत घेऊ नका, कुणी फुकट दिली तरी नको. कापून पुन्हा केला, थेंब तसाच. मग मित्राकडून वाइसमध्ये धरायचं टूल आणलं. पहिला फ्लेअर नट ओवायचा विसरूनच केला (फ्लेअर झाल्यावर नट चढत नाही, हसून घ्या), पण पुढचा असा आला की भिंग लावून बघत बसलो. 45 अंश, काठ एकसारखा, कुठे चीर नाही. बसवला. थेंब हजर.

दर वेळी एअर काढायला मुलगी पेडलवर. शेवटी ती आतून ओरडली, "बाबा, दाबू, सोडू, की गाडीच विकू?"

मग संशय आट्यांवर. 3/8 इंची, इंचाला 24 आट्यांच्या नटाच्या जागी एम 10 बाय 1 (10 मिलिमीटरचा मेट्रिक) तर नाही ना? पण तो आत शिरलाच नसता.

रात्री टी हातात घेऊन बसलो तेव्हा दिसलं. फ्लेअर टीच्या आतल्या सीटवर (तो जिथे टेकतो त्या बैठकीवर) दाबला की तोंडावर चकचकीत कडं उमटतं. उजव्या पाइपवर ते होतं, डाव्यावर पुसटसुद्धा नाही. उलट टीच्या बाहेरच्या तोंडावर नटाच्या डोक्याचे ताजे ओरखडे. नट आखूड! डोकं टीला टेकत होतं, पाना सांगत होता घट्ट झालं, आणि आत फ्लेअर नुसता टेकलेला. उजवीकडे मी जुनाच नट वापरला होता. तो शेजारी धरला तर चांगला दोन आटे लांब. खरं तर हाताला आधीच कळायला हवं होतं. नीट बसणारा नट हळूहळू जड होत जातो, हा एकदम थांबायचा. नटांच्या पिशवीवर लांबीचा पत्ता नव्हता, आणि मीही मोजली नव्हती.

डाव्या बाजूचा जुना नट गंजून पाइपलाच चिकटला होता. दोन्हीकडून पाइप कापला, नट वाइसमध्ये धरून ज्योत दाखवली, पंचने तुकडा ठोकून काढला. एवढ्या कापाकापीत डावा पाइप तीन सेंटीमीटर आखूड झालेला. ताणून पोचला असता, पण ताणलेला पाइप थरथरून तडकतो. नवा केला. सांध्याला टिश्यू गुंडाळला, ड्रायव्हरच्या सीटला काठी टेकवून पेडल रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. दोन चहा झाले त्यावर.

पुढचे रबरी होज नंतर बदलणार होतो. पण हे लिहिता लिहिता आठवलं, पुढच्या दोन्ही पाइपांना त्याच पिशवीतले नट आहेत. गळत नाहीत. तरी गाडी सिंगल सर्किट आहे, एक सांधा गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. उद्या दोन्ही खोलून कडं उमटलंय का बघतो, आणि एअर काढावी लागणारच आहे तर होजही आत्ताच उरकतो. मुलीला अजून सांगितलेलं नाही.