चेन पडत नाही तेव्हा

आमच्या लहानपणी ‘चेन पडली’ हे उशीर होण्याचं सर्वमान्य कारण होतं. शाळेला चालायचं, शिकवणीला चालायचं, एकदा एका मुंजीलाही चाललं. पुरावा सोबतच असायचा, दहाही बोटं काळी. मास्तर वर्गाबाहेरच्या नळाकडे हात दाखवायचे आणि विषय तिथेच संपायचा. चेन पडते म्हणजे सैल झाली आहे, आणि सैल झाली आहे म्हणजे झिजली आहे, हे ती स्वतःच भर रस्त्यात सांगून मोकळी व्हायची.

वडिलांची सायकल काळी, बावीस इंची, फुल चेनकव्हरची. चेन ढिली झाली की कव्हराला आतून आपटून खडाक-खडाक वाजायची. वडील गल्लीच्या तोंडाशी वळले की तेवढ्यावरून आई चहाचं आधण ठेवायची. मग एखाद्या रविवारी सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी. मागच्या चाकाचे नट ढिले करायचे, चाक बोटभर मागे ओढायचं, पुन्हा आवळायचं. ओढायला जागाच उरली नाही की कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन एक कडी काढून आणायची. अशा कड्या काढत काढत ती चेन किती वर्षं चालली कोण जाणे. नवी घातल्याचं मला तरी आठवत नाही. चेन ही विकत घ्यायची वस्तू आहे हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं, तेही नुकसान होऊन.

माझ्या आताच्या सायकलीला पुढे दोन दातेरी चक्रं आणि मागे अकरा. दोन पावसाळे आणि सातेक हजार किलोमीटर झाले, चेन एकदाही पडली नाही. पहाटे खडकवासल्याकडे जाणाऱ्या आमच्या टोळक्यात मी हे जरा मोठ्यानेच सांगत असे.

ती पडत का नव्हती, तर मागच्या चक्रांखाली लोंबणाऱ्या, गिअर बदलणाऱ्या डिरेलरमुळे. त्याच्या हातात स्प्रिंग असते. चेन जेवढी सैल होईल तेवढा तो मागे सरतो आणि ढील गिळून टाकतो. वडील पाना घेऊन रविवारी जे करायचे, ते हा क्षणाक्षणाला करतो आणि वर कुणाला कळू देत नाही. चेन आतून पार झिजली तरी बाहेरून सगळं ताठ.

उरला आवाज. चेन कधी कुरकुरली की मी तेल घालायचो, आणि तेलाच्या बाबतीत माझ्यावर आजीचे संस्कार आहेत. आजी दर रविवारी आमची डोकी दोन्ही पायांत धरून असं चपचपीत तेल घालायची की ते कानशिलावरून ओघळलं पाहिजे. ओघळलं नाही तर घातलं कशाला? त्याच मायेने मी चेनला तेल घालत आलो. चेन चकाकायची, उजव्या पोटरीवर दात्यांचा काळा शिक्का उमटायचा, आंघोळ करूनही जायचा नाही. घरातल्या एका फिकट टॉवेलवर तो अजून आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

तर एकदा नवी चेन घेतली. झिजली वगैरे वाटून नाही. सवलतीत मिळत होती म्हणून. घरी पक्कड घेऊन जुनी काढली, नवी चढवली, जुनी दुधाच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली. (टाकून द्यायची कशाला, लोखंड आहे.) दुसऱ्या दिवशी धरणाच्या अलीकडच्या छोट्याशा चढाला नेहमीच्या गिअरवर, नेहमीसारखा सीटवरून उठून जोर लावला आणि खाली कड् असा आवाज होऊन पेडल एकदम रिकामं फिरलं. पडलो नाही, पण गुडघा हँडलला असा बसला की टोळक्यातल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. पुन्हा जोर, पुन्हा कड्. गंमत म्हणजे मोठ्या चक्रावर काही नाही, अगदी छोट्यावरही नाही. मधली दोन, जी मी रोज वापरतो, नेमकी तीच चेनला धरेनात.

ज्यांच्याकडे सायकल नेली ते काका सत्तरीचे. दुकान म्हणजे एका वाड्याच्या पायरीवरची जागा. नव्या गिअरच्या सायकली तिथे कुणी आणत नाही असं मला वाटायचं. त्यांनी पेडल उलटं फिरवलं, मधल्या चक्रावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “जुनी चेन कुठंय?”

मी माळ्यावरून पिशवी काढून आणली. काकांनी नवी चेन सोडवली आणि दोन्ही एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगल्या. कड्या मोजल्या, एकशे दहा आणि एकशे दहा. तरी जुनी चेन नवीपेक्षा खाली लोंबत होती, एका कडीहून थोडी जास्तच. मी खिळा हलला का बघितलं. खिळा होता तिथेच होता.

“ताणली म्हणायची,” मी म्हणालो.

“ताणायला काय ती चड्डीची नाडी आहे? झिजली, साहेब.”

पोलाद पायाच्या जोराने ताणलं जात नाही. झिजते ती पिन आणि पिनेभोवती फिरणारी आतल्या पट्टीची कड. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. प्रत्येक सांध्यात केसाच्या जाडीएवढी झीज झाली तरी एकशे दहा सांध्यांची मिळून ती बोटभर दिसते. आणि झिजणार नाही तर काय! घरी येऊन मी हिशेब मांडला. पुढचं चक्र पन्नास दात्यांचं, पाय मिनिटाला ऐंशी वेळा फिरतात, म्हणजे चेन मिनिटाला छत्तीस फेऱ्या मारते. एका फेरीत प्रत्येक सांधा पुढच्या चक्रावर, मागच्या चक्रावर आणि डिरेलरच्या दोन चिमुकल्या चाकांवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. आठ हालचाली. तासाला साडेसतरा हजारांच्या आसपास. रविवारी आम्ही चार तास चालवतो आणि मग कांदाभजी खाताना ‘गुडघे बोलायला लागले’ म्हणतो.

या घासण्याला मदत माझ्या मायेची. बाहेर ओघळलेल्या तेलाला रस्त्याची धूळ चिकटते, पावसाळ्यात बारीक वाळू चिकटते, आणि त्या दोघांची मिळून जी काळी चटणी होते ती सांध्यात शिरते. सहाणेवर चंदन उगाळावं तशी पिन उगाळली जाते. काकांनी चेनवरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, “तेल पाजता की आंघोळ घालता?”

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रयोगशाळेत चेन फिरवून मोजमापं घेतली होती. लावलेली ताकद ९८.६ टक्क्यांपर्यंत पुढे पोचते असं दिसलं. स्वच्छ खोलीत, स्वच्छ चेनला तेल असण्या-नसण्याने फारसा फरकही पडला नाही. तेलाचं काम मुख्यतः सांध्यातली जागा अडवून घाण आत येऊ न देणं हे असावं, असा त्यांचा अंदाज. वाचून मला आजीची आठवण आली. तेल आत हवं, बाहेर नको. म्हणजे पिनेभोवतीच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी जुन्या बनियनच्या चिंधीने बाहेरून कोरडं पुसून काढायचं. हे पुसणं मला अजून जड जातं. आपणच घातलेलं तेल आपणच पुसायचं म्हणजे वाढलेलं ताट परत उचलल्यासारखं वाटतं.

पण चेन नवी असूनही दाते का धरेनात? कारण दाते जुन्या चेनच्या मापाने झिजले होते. माझी कोल्हापुरी माझ्या अंगठ्याला बसली आहे, दुसऱ्याने घातली तर त्याला फोडच येईल, तसंच हे. जुनी चेन लांबत गेली तशी दात्यांच्या खाचा रुंदावत गेल्या, आणि दोघांचं छान चाललं होतं. नव्या चेनच्या कड्या अर्ध्या इंचाला अर्धा इंच. त्या खाचेत बसतात आणि जोर आला की उडी मारतात. वेळेवर चेन बदलली असती तर दोन हजारांत भागलं असतं. ते वाचवले म्हणून आता कॅसेटचे, म्हणजे मागच्या अकरा चक्रांच्या जुडग्याचे, पाच हजार.

वेळ कधी झाली हे बघायला काकांनी यंत्र वगैरे काढलं नाही. दप्तरातली असते तशी स्टीलची फूटपट्टी काढली. शून्य एका पिनेच्या मधोमध. नव्या चेनवर बाराव्या इंचाची रेघ बरोबर पिनेच्या मध्यावर आली. जुन्या चेनवर पिन रेघेच्या पुढे, इंचाचा आठवा भाग. याच्या निम्मी सरकली, म्हणजे सोळावा भाग, की अकरा चक्रांच्या सायकलीला चेन बदलायची, कॅसेट वाचते. मी शाळेत आठ वर्षं फूटपट्टी वापरली, त्यातली निम्मी तरी मित्राच्या पाठीवर. पट्टीवर इंचाचे सोळा भाग कशाला केले असतील हा प्रश्न तेव्हापासूनचा होता.

हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस माणसाने मँचेस्टरमध्ये १८८० साली या जातीच्या चेनचं पेटंट घेतलं. पिन, रोलर, दोन बाजूंना पट्ट्या, अजूनही तेच. फक्त चक्रं वाढत गेली तशी चेन बारीक होत गेली, आणि गिअर बदलायचे म्हणून कव्हर गेलं. वडिलांची चेन कव्हराच्या अंधारात बसून म्हातारी झाली. माझी उघड्यावर, खडकवासल्याच्या चिखलात.

काकांनी कॅसेट खोलायला घेतली. ती मागे फिरू नये म्हणून धरून ठेवायचं त्यांचं हत्यार घरचंच होतं, लोखंडी पट्टीला नट-बोल्टने जोडलेला जुन्या चेनचा वीतभर तुकडा. तोही झिजून गेला होता, दोनदा निसटला. नवी कॅसेट बसली, पैसे दिले, मी जुनी चेन पुन्हा पिशवीत घालू लागलो.

“ती राहू द्या इथंच,” काका म्हणाले. “या हत्याराला लावतो. तुमचीच कॅसेट खोलायला लागेल पुढल्या वेळेला.”